मांजरीचं ऑपरेशन: आधी काय, त्या दिवशी काय आणि नंतरचे दहा दिवस काय

घरात मांजराचं पिल्लू आलं की पहिल्या आठवड्यात नाव ठरतं, लिटर बॉक्स येतो, स्टेटसला फोटो जातात, आणि नसबंदीच्या ऑपरेशनचा विषय मात्र तेव्हाच निघतो जेव्हा मांजरी रात्री दोन वाजता गॅलरीत बसून असा काही सूर लावते की खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन विचारतात, "मांजरीचं काही दुखतंय का हो?" दुखत काही नसतं, ती माजावर आलेली असते. बोका असेल तर ओरडा कमी पण वास जास्त, पडद्यावर, चपलांच्या स्टँडवर, पाहुण्यांच्या बॅगेवर शेपटी थरथरवत फवारा मारून ठेवतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तो वास काही केल्या हटत नाही.

तर आधीच सांगते. ऑपरेशन डॉक्टर करतात, बोक्याचं दहा-पंधरा मिनिटांत आणि मांजरीचं साधारण अर्ध्या-पाऊण तासात उरकतं. त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं घरी आपल्यालाच करायचं असतं आणि जे घोळ होतात ते बहुतेक तिथेच होतात, म्हणून या लेखात ऑपरेशन थिएटरपेक्षा तुमच्या घराबद्दलच जास्त आहे.

कधी करायचं

पाच महिन्यांच्या आसपास. मांजरी लवकर वयात येतात, काही तर चार महिन्यांतच, आणि गाभण राहिली तर ६३ ते ६५ दिवसांत व्यायते, म्हणजे सात महिन्यांचं स्वतःच अजून पिल्लू असलेलं मांजर चार पिल्लं घेऊन बसलंय असं अगदी सहज होतं. भाऊ-बहीण एकत्र आणली असतील तर "ती भावंडं आहेत, काही होणार नाही" असं म्हणणारे लोक मी स्वतः ऐकलेत. मांजरांना नाती कळत नाहीत, होतं सगळं.

मुंबईतले बरेच डॉक्टर वयासोबत वजनही बघतात, दोन किलोच्या आसपास असलं की बरं म्हणतात. रस्त्यावरून उचललेलं, जंतांनी पोट फुगलेलं पिल्लू पाच महिन्यांचं असूनही सव्वा किलोच भरतं, अशा वेळी आधी जंताचं औषध, खाणं-पिणं, मग ऑपरेशन. घाई नको पण त्या दरम्यान दारं-खिडक्या बंद.

माजाचं गणित असं की मांजरीत माज दिवसाच्या उजेडावर चालतो. थंड देशांत हिवाळ्यात दिवस लहान झाला की मांजरी शांत होतात. आपल्याकडे डिसेंबरमध्येसुद्धा दिवस अकरा तासांचा असतो आणि वर घरात रात्री बारापर्यंत ट्यूबलाईट, त्यामुळे फ्लॅटमधली मांजरी वर्षभर कधीही माजावर येऊ शकते. माज आठवडाभर टिकतो, बोका मिळाला नाही तर दोन-तीन आठवड्यांत परत येतो, मग परत. "हा जाऊ दे, मग बघू" असं म्हणत बसलात तर मध्ये मिळणारा वेळ जेमतेम पंधरवड्याचा असतो, त्यातच अपॉइंटमेंट बसवावी लागते. माजात असतानाही ऑपरेशन होतं, पण तेव्हा गर्भाशयाकडचा रक्तपुरवठा वाढलेला असतो म्हणून बरेच डॉक्टर थांबायला सांगतात. ते डॉक्टरांवर सोडा.

माज थांबवायच्या गोळ्या किंवा इंजेक्शन कोणी सुचवलं तर माझं मत स्पष्ट आहे, नको. ही हार्मोन्सची औषधं असतात आणि त्यांच्यामुळे गर्भाशयात पू होणं, स्तनाच्या गाठी, डायबेटिस असले प्रकार मागे लागू शकतात. गोळ्यांवर वर्ष काढून शेवटी ऑपरेशन करावंच लागतं, तेही इमर्जन्सीत, आणि तिप्पट खर्चात.

आता "एकदा तरी आई होऊ दे की गं तिला" हे वाक्य. हे घरातली आजी म्हणेल, शेजारच्या काकू म्हणतील, कधी कधी शिकले-सवरलेले लोकही म्हणतील. मांजरीला आई व्हायची हौस वगैरे नसते, ती हौस आपण तिच्यावर लादतो. आणि शरीराचा हिशेब याच्या बरोबर उलटा आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरींमध्ये स्तनाच्या कॅन्सरचा धोका ९१ टक्क्यांनी कमी दिसला, वर्षाच्या आत झालं तर ८६ टक्क्यांनी, आणि दोन वर्षांनंतर केलं तर या बाबतीत फायदा जवळजवळ नाहीच. मांजरींमध्ये स्तनाच्या गाठी बहुतेक वेळा वाईटच निघतात, कुत्र्यांसारखं निम्म्या साध्या असं नसतं. काकूंना हे सांगून बघा, पटलं नाही तरी विषय बदलतात.

नुकतीच व्यायलेली मांजरी असेल तर पिल्लं दूध सोडून दोनेक आठवडे झाले, दूध आटलं की मग करायचं. फक्त लक्षात ठेवा, पिल्लांना पाजत असतानाच ती पुन्हा माजावर येऊन पुन्हा गाभण राहू शकते, त्यामुळे "अजून पिल्लं लहान आहेत" म्हणून तिला बाहेर मोकळं सोडू नका.

कुठे करायचं आणि फोनवर काय विचारायचं

मुंबईत जागांना तोटा नाही. परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना माहीत आहे, कागदावरचं नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल, पण टॅक्सीवाल्याला बैलघोडाच सांगा. त्याच आवारात १८८६ सालापासूनचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं मोठं छोट्या प्राण्यांचं हॉस्पिटल २०२४ मध्ये सुरू झालं. मालाडला अहिंसासारख्या संस्था आहेत. शिवाय भांडुपपासून दहिसरपर्यंत प्रत्येक स्टेशनच्या आजूबाजूला प्रायव्हेट क्लिनिक असतातच. ट्रस्टच्या ठिकाणी खर्च कमी येतो पण नंबर लागायला वेळ जातो, प्रायव्हेटला काही हजार लागतात आणि क्लिनिकगणिक आकडा बदलतो. मुख्य म्हणजे घरापासून जवळ असलेलं बघा, कारण नंतर रात्री काही झालं तर एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमधून परळ गाठणं म्हणजे काय ते उपनगरात राहणाऱ्यांना सांगायला नको.

फोन केलात की "स्पेचे किती घेता" एवढंच विचारून ठेवू नका. मांजरीच्या ऑपरेशनला स्पे आणि बोक्याच्या ऑपरेशनला न्यूटर म्हणतात, किती घेता ते विचाराच पण त्यात काय काय येतं ते आधी विचारा. रक्ततपासणी धरून का वेगळी? दुखणं कमी करायचं इंजेक्शन आणि घरी द्यायचं औषध धरून का? कोन म्हणजे गळ्यातली कॉलर देतात का आपण आणायची? टाके काढायच्या भेटीचे वेगळे पैसे? कारण एका ठिकाणी आकडा कमी ऐकू येतो आणि शेवटी बिल दुसऱ्याएवढंच होतं.

मग भुलेबद्दल. भूल गॅसवर देणार का फक्त इंजेक्शनवर, श्वासनलिकेत नळी टाकतात का, ऑपरेशन चालू असताना आणि नंतर मांजर शुद्धीवर येईपर्यंत तिच्याजवळ कोणी बसतं का. नीट इंजेक्शनवरही हजारो ऑपरेशनं होतात, त्याला माझा विरोध नाही, पण तुमचं मांजर पर्शियन असेल, चपट्या नाकाचं, तर हा प्रश्न नक्की विचारा कारण त्यांची श्वासाची वाट आधीच अरुंद असते. पर्शियन आणि मेन कूनमध्ये हृदयाच्या स्नायूचा आजार जास्त आढळतो, डॉक्टर हृदयाची सोनोग्राफी करून घ्या म्हणाले तर ते पैसे काढायला सांगतायत असं लगेच समजू नका.

आणि शेवटचा प्रश्न, जो कोणी विचारत नाही: मांजर घरी कुठल्या अवस्थेत देणार? एका क्लिनिकने आमचा बोका पूर्ण बेशुद्ध, जीभ बाहेर लोंबतेय अशा अवस्थेत टॉवेलमध्ये गुंडाळून हातात दिला होता, "दोन तासात उठेल" म्हणून. असं चालत नाही. मान धरून बसतंय, आवाज दिला की बघतंय, अंग गरम आहे, एवढं झाल्यावरच घरी न्यायचं, मग त्यासाठी बाकावर दोन तास बसावं लागलं तरी बसायचं.

आधीचे दोन-तीन आठवडे

लसी पूर्ण हव्यात. ट्रायकॅटचे (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र लस) डोस आणि रेबीजचं इंजेक्शन झालेलं असेल आणि शेवटच्या डोसला साधारण दोन आठवडे झालेले असतील तर उत्तम, कारण क्लिनिकमध्ये आजारी मांजरंही येतात आणि पॅनल्युकोपेनिया नावाचा जो मांजरांचा पार्वो आहे तो पिल्लांना दोन-तीन दिवसांत उचलून नेतो. जंताचं औषध, पिसवांचं औषध मानेवर लावायचं, हे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नको, आठवडा-दहा दिवस आधी उरका.

रक्ततपासणी करून घ्या. लहान, ठणठणीत मांजराला गरज नाही असं काही डॉक्टर म्हणतात आणि ते अगदीच चुकीचं नाही, पण रस्त्यावरून आलेलं मांजर असेल, वय वर्षाच्या पुढचं असेल, तर सीबीसी, लिव्हर आणि किडनी एवढं बघूनच भूल द्यावी. प्लेटलेट कमी निघाल्या किंवा कुठे इन्फेक्शन दिसलं तर तारीख पुढे जाते, जाऊ दे.

बोक्याच्या बाबतीत अजून एक. दोन्ही गोळ्या म्हणजे वृषणं खाली पिशवीत उतरल्यात का ते डॉक्टरांकडून आधी तपासून घ्या. कधी एक गोळी पोटात किंवा जांघेत अडकलेली असते, मग ते दहा मिनिटांचं काम राहत नाही, पोटात असेल तर पोट उघडावं लागतं आणि खर्च, वेळ, टाके सगळं बदलतं. "एकच काढून द्या" असं म्हणायचं नाही, अडकलेली गोळी आत ठेवली तर फवारे, मारामाऱ्या तशाच चालू राहतात आणि पुढे गाठीचा धोकाही असतो.

आणि आता ज्याचा कोणीच विचार करत नाही ते, पिंजरा म्हणजे कॅरियर. तो माळ्यावरून ऑपरेशनच्या सकाळी खाली काढला की मांजर पलंगाखाली, आणि पलंग असेल तर स्टोरेजवाला, मग काय. दोन आठवडे आधी हॉलमध्ये उघडा ठेवून द्या, आत तिची जुनी चादर टाका, जेवणाची ताटली हळूहळू आत सरकवत न्या. बहुतेक मांजरं चार-पाच दिवसांत त्यात झोपायला लागतात. कापडी बॅगेपेक्षा कडक प्लास्टिकचा, वरूनही उघडणारा बरा, घाबरलेलं मांजर पुढच्या दारातून ओढून काढण्यापेक्षा वरून उचलणं सगळ्यांच्याच हातांसाठी चांगलं. काही क्लिनिक मांजर कपड्याच्या पिशवीत आणलं तरी घेतात, पण रिक्षात पिशवीतून सुटलेलं मांजर रस्त्यावर उतरलं तर ते परत सापडेल याची खात्री नाही.

आदली रात्र

उपाशी किती ठेवायचं ते डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. मोठ्या मांजराला साधारण सहा ते आठ तास खाणं बंद आणि पाणी सकाळपर्यंत चालतं, लहान पिल्लांना मात्र फारच कमी तास, दोन-चार, कारण त्यांची साखर झटकन खाली जाते. "रात्रीपासून काही देऊ नका" हा सगळ्यांना एकच नियम लावणारा असेल तर पिल्लाचं वय सांगून पुन्हा विचारा. उपास नीट पाळा कारण भरलेल्या पोटी भूल दिली तर उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ शकते. घरात सगळ्यांना सांगा, विशेषतः मुलांना आणि सकाळी कामाला येणाऱ्या मावशींना, मावशी प्रेमाने मांदेली टाकतात आणि मग सकाळी क्लिनिकमध्ये तारीख बदलून परत यावं लागतं. घरात दुसरं मांजर असेल तर त्यालाही त्या वेळी वेगळ्या खोलीत खायला द्या.

रात्रीच गॅलरी, किचनची खिडकी, बाथरूमची खिडकी बंद करा. मुंबईत बऱ्याच घरांना कबुतरांची जाळी लावलेली असते आणि लोकांना वाटतं झालं, मांजर सुरक्षित. नायलॉनची जाळी मांजर दातांनी तोडतं, माजावर आलेली मांजरी तर एका रात्रीत. शक्य असेल तर स्टीलचं ग्रिल किंवा बारीक लोखंडी जाळी.

तो दिवस

सकाळी लवकरची वेळ घ्या, एक तर ऊन कमी, दुसरं म्हणजे दिवसभर क्लिनिक चालू असतं त्यामुळे काही वाटलं तर माणसं जागेवर असतात. पश्चिम किंवा मध्य उपनगरातून परळला जाणार असाल तर लक्षात ठेवा रिक्षा वांद्रे किंवा सायनपर्यंतच, त्यापुढे टॅक्सी किंवा पहिल्यापासून ॲपवरची कार. गर्दीच्या वेळेची लोकल नकोच. कॅरियरवर पातळ ओढणी टाका, अंधार असला की मांजर शांत राहतं. पायाखाली न ठेवता सीटवर ठेवून बेल्ट लावा.

क्लिनिकमध्ये एका फॉर्मवर सही घेतात, भुलेमध्ये धोका असतो वगैरे लिहिलेलं असतं, वाचून घाबरू नका पण वाचा. आपला फोन नंबर नीट लिहा आणि फोन सायलेंटवरून काढा. आत काय करतात तर मांजरीत बहुतेक ठिकाणी बीजाशय आणि गर्भाशय दोन्ही काढतात, काही डॉक्टर फक्त बीजाशय काढतात, दोन्ही पद्धती चालतात. छेद पोटाच्या मधोमध असतो किंवा कुशीला. कुशीला असेल तर एका बाजूचा केसांचा चौकोन भादरलेला दिसेल, केस येतात परत. बोक्यात पिशवीवर बारीक छेद देऊन गोळ्या काढतात, टाके बहुतेक नसतात. ऑपरेशननंतर काही दिवस पिशवी सुजलेली आणि जशीच्या तशी दिसते, म्हणून "डॉक्टरांनी काढलंच नाही" असे मेसेज ग्रुपवर येतात, काढलेलं असतं.

निघताना औषधांची नावं, डोस आणि वेळ कागदावर मागा. पुढची तारीख विचारा. टाके विरघळणारे आहेत का काढायचे आहेत ते विचारा. आणि रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा ते.

पहिली रात्र

एक छोटी खोली रिकामी करा, खोली नसेल तर बाथरूमच्या बाहेरचा कोपरा किंवा बेडरूमचा एक भाग. जमिनीवर जाड चादर. पलंग, सोफा, कपाटावर चढायची वाट बंद, कारण भुलेतून उठलेलं मांजर स्वतःला पूर्ण बरं समजतं आणि चौथ्या पावलाला मागचे पाय लटपटतात. केटामाइनची भूल असेल तर बाहुल्या मोठ्या, डोकं डोलतंय, भिंतीकडे बघत बसलंय, उगाचच गुरगुरतंय असं काही तास दिसेल. घाबरू नका आणि कवटाळूही नका, चावेल.

भुलेत मांजराचं अंग गार पडतं. पंखा हळू, एसी बंद. कोमट पाण्याची पिशवी द्यायची असेल तर टॉवेलमध्ये गुंडाळून आणि अंगाला थेट न लावता, अर्धवट शुद्धीतलं मांजर गरम लागतंय म्हणून बाजूला सरकू शकत नाही आणि भाजतं. कान आणि पंजे हाताने बघा, गार लागत असतील तर पांघरूण वाढवा.

पाणी मान धरून नीट बसायला लागल्यावर, उथळ वाटीत. जबरदस्तीने सिरिंजने घालू नका. रात्री रोजच्या खाण्याच्या पाव ते अर्धं, उकडलेलं चिकन किंवा तिचं नेहमीचं ओलं खाणं. एखादी उलटी होऊ शकते. शी दोन-तीन दिवस झाली नाही तरी चालते, पोटात काही नसतंच. शू मात्र चोवीस तासात व्हायला हवी.

हिरड्या बघायला शिका, हे एक काम नक्की करा. वरचा ओठ हलकेच बाजूला करा, हिरडी गुलाबी दिसली पाहिजे. बोटाने दाबून सोडा, पांढरी झालेली जागा दोन सेकंदात परत गुलाबी व्हायला हवी. ऑपरेशनच्या आधीच, मांजर ठीक असताना एकदा बघून ठेवा म्हणजे तिचा नेहमीचा रंग माहीत राहतो, काही मांजरांच्या हिरड्या काळ्या ठिपक्यांच्याही असतात. हिरड्या पांढऱ्याफट, पोट फुगतंय, मांजर लोळागोळा, अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही, आत रक्तस्राव होत असू शकतो.

पुढचे दहा दिवस आणि कोन

कोन काढायचा नाही. हे एकच वाक्य मी मोठ्या अक्षरात छापून दारावर लावायला तयार आहे. पहिल्या दिवशी मांजर कोन घालून दाराच्या चौकटीला धडकतं, उलटं चालतं, पुतळ्यासारखं आडवं पडून आपल्याकडे अशा नजरेने बघतं की कोणालाही दया येईल, आणि घरातलं कोणीतरी म्हणतंच, "पाच मिनिटं काढ ना, मी बसलोय समोर." मांजराची जीभ खरखरीत असते, पाच मिनिटांत ती टाका सैल करते. दोन दिवसांत बहुतेकांना सवय होते. कोनाची कड नाकाच्या थोडी पुढे आली पाहिजे, गळ्यात दोन बोटं जातील एवढाच सैल. कडक प्लास्टिकचा अगदीच सहन होत नसेल तर कापडी मऊ कोन किंवा सर्जिकल सूट मिळतो, जुन्या बनियनचाही शिवतात, पण तो शूने ओला राहत नाही ना ते बघत राहावं लागतं. खायला पसरट ताटली द्या, खोल बाऊलमध्ये कोन अडकतो.

जखम रोज दोनदा बघा आणि रोज एक फोटो काढा, त्याच उजेडात. पहिले दोन-तीन दिवस कडा किंचित लाल, थोडी सूज चालते. टाक्याखाली कधी टणक, न दुखणारी छोटी गाठ लागते, ती आतल्या धाग्याची असते, हळूहळू जिरते, तरी फोटो डॉक्टरांना पाठवा. पाणी किंवा पू येतोय, वास येतोय, कडा उघडल्यात, सूज वाढतेय तर क्लिनिक.

जखमेवर काहीही लावू नका. हळद नाही, खोबरेल तेल नाही, डेटॉल तर अजिबात नाही, त्यातली रसायनं मांजराच्या शरीराला पचत नाहीत. फिनाईलने लादी पुसायचीही ते दहा दिवस बंद करा, मांजर पंजे चाटतं आणि ते पोटात जातं. आणि क्रोसिन, कॉम्बिफ्लाम वगैरे माणसांच्या गोळ्या तर चुकूनही नाही, पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे. दुखण्याचं औषध डॉक्टरांनी दिलं तेवढंच, तेही वजनाप्रमाणे.

लिटरची बारीक माती जखमेला चिकटते, विशेषतः बोक्याला, म्हणून पाच-सात दिवस फाडलेला जुना पेपर किंवा कागदाच्या गोळ्यांचं लिटर वापरा. पेपर घाण वाटला तरी ते दिवस निघून जातात. आंघोळ नाही. पावसाळ्यात ऑपरेशन केलं तर जखम लवकर वाळत नाही, गॅलरीत ओल असते, त्यामुळे खोली कोरडी ठेवायची एवढंच, पावसाळ्यासाठी ऑपरेशन पुढे ढकलायची गरज नाही, तेवढ्यात दोन माज होऊन जातात.

दोन मांजरं असतील तर एक गंमत बघायला मिळते. परत आलेल्या मांजरीला क्लिनिकचा वास असतो आणि घरातलं दुसरं, जे तिच्याबरोबर रोज झोपतं, ते तिच्यावर फिस्कारतं, मारायला धावतं. भांडण नाही हे, ओळख पटत नाही एवढंच. एक-दोन दिवस वेगळं ठेवा, दोघींच्या चादरी बदलून टाका, मग एकत्र करा.

लगेच डॉक्टरकडे जायची वेळ कुठली, तर: हिरड्या फिक्या, जखमेतून थेंब थेंब रक्त येतंय आणि थांबत नाही, पुन्हा पुन्हा उलट्या, चोवीस तास उलटून गेले तरी काहीच खाल्लेलं नाही, शू होत नाही किंवा बोका लिटरमध्ये बसून जोर करतोय आणि काही येत नाही, श्वास तोंडाने. मांजर उपाशी राहिलं तर यकृतावर ताण येतो, विशेषतः जाड मांजराच्या, म्हणून "उद्या खाईल" म्हणत तीन दिवस काढायचे नाहीत. बोक्याची शू तुंबणं ही तर वेगळीच इमर्जन्सी, त्याला ऑपरेशनशी संबंध असो वा नसो.

टाके निघाल्यावर

दहा ते चौदा दिवसांत टाके काढतात किंवा विरघळतात. कोन तेव्हाच काढा, डॉक्टरांनी बघितल्यावर. त्यानंतरचे दोन-तीन प्रश्न मात्र नेहमी येतात.

बोक्याचा फवारा लगेच बंद होत नाही, हार्मोन उतरायला काही आठवडे जातात, आणि त्या काळात तो अजूनही पिल्लं करू शकतो, म्हणून घरात ऑपरेशन न झालेली मांजरी असेल तर पाच-सहा आठवडे वेगळे ठेवा. बहुतेक बोके फवारणं सोडतात, पण ज्याला दोन-तीन वर्षांची सवय लागलीय तो काही वेळा सोडत नाही, म्हणूनच लवकर करायचं. फवारलेल्या जागा एन्झाइमच्या क्लीनरने धुवा, नुसत्या सर्फने आपल्याला वास येत नाही, त्याला येतो.

मांजरी ऑपरेशननंतर काही महिन्यांनी परत माजासारखी वागायला लागली, लोळतेय, मागचा भाग वर करून ओरडतेय, तर कधी बीजाशयाचा एखादा तुकडा आत राहिलेला असतो. क्वचित होतं पण होतं, डॉक्टरांना तसंच सांगा, "सवय आहे" म्हणून सोडून देऊ नका.

आणि वजन. ऑपरेशननंतर मांजराला लागणारं खाणं साधारण पाव हिश्श्याने कमी होतं आणि भूक मात्र वाढते, इथेच सगळ्यांची गडबड होते, कारण दोन महिन्यांत मांजर गोल होतं आणि घरचे म्हणतात "ऑपरेशनने जाडी झाली". ऑपरेशनने नाही, वाटीने झाली. सुकं खाणं किलोकिलोने वाडग्यात ओतून ठेवायचं बंद करा, मोजून दोन-तीन वेळा द्या, ओलं खाणं थोडं वाढवा. आपण वजनकाट्यावर मांजर घेऊन उभं राहायचं, मग आपलं एकट्याचं वजन वजा करायचं, महिन्यातून एकदा लिहून ठेवायचं. पिल्लू अजून वाढीचं असेल तर एकदम कमी करू नका, डॉक्टरांना विचारून. दुधाची बशी मोठ्या मांजराला लागत नाही, बऱ्याच जणांना त्याने जुलाब होतात, आणि बोंबलाचं डोकं दिलंत तर त्या दिवशीच्या खाण्यातून तेवढं कमी करायचं.

बिल्डिंगमधल्या मांजरांचं करायचं असेल तर रीत थोडी वेगळी आहे. पकडायला सापळा लागतो, हाताने धरायला जाऊ नका, चावा म्हणजे रेबीजची इंजेक्शनं. ऑपरेशन झालेल्या मांजराच्या कानाचं टोक थोडं कापतात, भुलेतच, म्हणजे परत तीच पकडली जात नाही. बऱ्याच वेळा संस्था मांजर त्याच जागी परत आणून सोडतात आणि ते बरोबरच आहे, कारण ओळखीचं मांजर काढून नेलं की त्या जागेवर दुसरं येतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये लोक "उचलून लांब सोडा" म्हणतील, त्यांना सेक्रेटरींसमोर एवढंच सांगा की ऑपरेशन झालेलं मांजर रात्री ओरडत नाही आणि वर्षाला पिल्लं टाकत नाही, आणि पहिल्या दोन मांजरांचा खर्च कोण देणार ते त्याच मीटिंगमध्ये विचारून घ्या.